समोर अठराशेचा खेळाडू बसला तर पोरीनं कसं खेळावं?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी बारा वर्षांची. आजोबांकडून बुद्धिबळ शिकली, तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पहिली आली आणि आता दारव्ह्याहून नागपूरला पहिल्यांदाच रेटिंग स्पर्धा खेळायला चालली आहे, म्हणजे जिच्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, रेटिंग, ठरतं ती स्पर्धा. पहिल्याच फेरीत सतराशे-अठराशे रेटिंगचं कोणीतरी समोर येणार, हेही तुम्हाला कळलंय. तुमच्या ओळखीचे एकजण म्हणतात, सगळे मोहरे बदलत जा, डाव बरोबरीत सुटेल. दुसरे म्हणतात, हरायचंच आहे तर पहिल्या चालीपासून तुटून पड. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारता.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं पोरांना बुद्धिबळ शिकवतो. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात पट मांडायचे आणि अंधार पडला की उचलायचे. स्वतःही स्पर्धा खेळतो, त्यामुळे पटाच्या दोन्ही बाजूंना बसलेलो आहे. कधी माझ्यापेक्षा चारशेनं वरचा समोर असतो, तर कधी बिनरेटिंगचं पोरगं. त्या अनुभवावरून सांगतो, मला दोन्ही सल्ले पटत नाहीत. आणि कारण एकच आहे. ते दोन्ही समोरच्याच्या आकड्याकडे बघून दिलेले आहेत, पटावर काय मांडलंय त्याचा त्यात विचार नाही. तुमच्या पोरीची खरी अडचण अठराशेचा खेळाडू ही नाहीच. अठराशे हा आकडा यादीत वाचल्यावर ती स्वतःचा खेळ सोडून देईल की काय, ही खरी अडचण आहे.

आधी हा सामना असा का लागतो ते सांगतो, म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलं असं तिला वाटणार नाही. स्विस पद्धतीत सगळ्यांची रेटिंगप्रमाणे यादी लावतात आणि ती मधोमध कापतात. वरच्या अर्ध्यातला पहिला खेळाडू खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, असं जुळवतात. दीडशे खेळाडू असतील तर एक नंबरची गाठ शहात्तराव्याशी पडते. बिनरेटिंगची पोरं यादीच्या तळाला असतात, त्यामुळे पहिल्या फेरीत त्यांना भारीच माणूस मिळतो. हरली तर पुढच्या फेरीत हरलेल्यांशीच गाठ पडते, आणि दोन-तीन फेऱ्यांत तिच्या जोडीचे खेळाडू समोर यायला लागतात. म्हणजे पहिल्या फेरीवर पूर्ण स्पर्धा तोलायची नाही, हे तिला आजच सांगून ठेवा.

आता आकडा काय म्हणतो ते बघू. रेटिंगमधला चारशेचा फरक म्हणजे खालच्या खेळाडूला शंभर डावांत सरासरी आठ-नऊ गुण. दोनशेचा फरक असेल तर चोवीसच्या आसपास. आठ-नऊ म्हणजे थोडेच, पण शून्य नव्हेत, आणि विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, म्हणजे दोन बरोबऱ्या एका विजयाइतक्या. शिवाय हा हिशेब दोघांचीही खरी ताकद आकड्यात उतरलेली असेल तेव्हाचा. तुमच्या पोरीला आकडाच नाही. आपल्याकडची खेड्यातली पोरं वर्षाला जेमतेम एखाद-दोन रेटिंग स्पर्धा खेळतात, त्यामुळे आकडा आला तरी तो मागेच राहतो, पोरगं पुढे निघून गेलेलं असतं. समोर बसणाऱ्या अनुभवी माणसाला हे चांगलं ठाऊक असतं. तोही थोडा सावध असतो, फक्त चेहऱ्यावर दाखवत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. वेळ किती आहे, नव्वद मिनिटं आणि चालीला तीस सेकंद, की झटपट प्रकार? पोरगी लाकडी पटावर, घड्याळ लावून किती खेळली आहे? जास्त खेळ मोबाईलवर झाला असेल तर दोन-तीन तास एका खुर्चीत बसणं हीच तिच्यासाठी नवी गोष्ट असेल. स्वभाव कसा आहे? काही पोरं मागे पडली की चिवट होतात, काही कोसळतात. हे तुम्हीच ओळखता. मी पुढे जे लिहितोय ते नव्वद मिनिटांचा डाव धरून.

आणखी एक, ती आजोबांकडून शिकली म्हणून विचारतो. आपल्याकडे जुनी माणसं देशी चालीनं खेळतात. प्यादं पहिल्या चालीला एकच घर जातं, राजा एकदा घोड्याची उडी घेतो, किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, नाहीच. तिच्या हाताला यातलं काही लागलेलं असेल तर ते आधी सोडवा, आणि बाजूनं गेलेलं प्यादं मारण्याचा नियम पटावर दहा वेळा करून घ्या. पण आजोबांची शिकवण कमी आहे असं तिला चुकूनही वाटू देऊ नका. मीर सुलतान खान देशी पद्धतीनंच खेळत मोठे झाले, आंतरराष्ट्रीय नियम नंतर शिकले, आणि १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्य झाले. हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं होतं.

आता मोहरे बदलण्याकडे येतो, कारण हा सल्ला गावोगाव ऐकतो आणि त्यानं हरलेली पोरं मी फार पाहिली. पट रिकामा झाला की धोका कमी होतो, असं वाटतं. पण अठराशेच्या माणसात आणि नवख्या पोरात सगळ्यात मोठी तफावत कुठे असते? शेवटच्या खेळात. मोहरे भरलेल्या पटावर दोघंही चुकतात. हत्ती आणि चार-चार प्यादी उरली की नवखं पोर चुकतं आणि अनुभवी माणूस चुकत नाही. शिवाय बदलाबदलीच्या घाईत पोरं स्वतःचा चांगला, पुढे बसलेला घोडा देऊन समोरच्याचा कोपऱ्यात अडकलेला उंट घेतात. संख्या सारखी राहते, पण डाव जातो. म्हणून मी पोरांना एवढंच विचारायला लावतो, बदलल्यावर पटावर जे उरेल ते कोणाला आवडेल? समोरच्याला आवडणार असेल तर बदलायचं नाही. आपण मोहऱ्यानं पुढे असू तर मोहरे बदलावेत, मागे असू तर मोहरे ठेवून प्यादी बदलावीत. हे शेवटचं वाक्य तिच्याकडून पाठ करून घ्या, का ते पुढे सांगतो.

तुटून पडण्याचंही तसंच. वजीर-उंट लावून एफ ७ वर (उभ्या पट्टीचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा; हे काळ्या राजाशेजारचं घर) चौथ्या चालीत मात करण्याचा प्रकार शाळेत चालतो. अठराशेच्या माणसासमोर त्या वजिराला तीन चाली पळवतात आणि तेवढ्यात त्याचे तीन मोहरे बाहेर येतात. हल्ला करूच नये असं मी म्हणत नाही. हल्ल्याला माणसं लागतात, आणि आपली माणसं अजून घरातच बसलेली असतात. तिला जी सुरुवात येते तीच खेळू द्या. रोज ई ४, ई ५ (दोघांचीही राजापुढची प्यादी दोन-दोन घरं) खेळत असेल तर तिथेही तेच. आदल्या रात्री व्हिडिओ बघून नवी सुरुवात शिकवू नका. दहा-बारा चालींत दोन्ही घोडे, दोन्ही उंट बाहेर आणि राजा किल्लेकोटात, एवढं झालं तर ती डावात आहे.

आता माझ्या दुसऱ्या खुर्चीतून सांगतो, तो बलवान खेळाडू काय विचार करतो ते. बिनरेटिंगचं पोरगं समोर आलं की मी सुरुवातीला काही विशेष करत नाही. माझे मोहरे नीट लावतो आणि थांबतो. पंधराव्या ते पंचविसाव्या चालीच्या दरम्यान ते पोरगं काहीतरी उघडं सोडतं, दहापैकी सात-आठ वेळा असं होतं, आणि डाव तिथेच संपतो. मी त्याला हरवलेलं नसतं, त्यानं दिलेलं मी घेतलेलं असतं. मला त्रास होतो तो वेगळ्या पोराचा. ते प्रत्येक चालीला वेळ घेतं, त्याचा प्रत्येक मोहरा दुसऱ्या कोणाच्या तरी आधारावर उभा असतो, आणि मी चाल केली की आधी माझ्या हाताकडे नाही, चाललेल्या मोहऱ्याकडे बघतं. पस्तिसाव्या चालीपर्यंत काही पडलं नाही की मी अस्वस्थ होतो. मला पूर्ण गुण हवा असतो, अर्धा गेला तरी माझी स्पर्धा बिघडते. मग मी न करायची चाल करतो. दुबळ्या बाजूची संधी बहुतेक वेळा इथेच असते. ती आपण तयार करत नाही, समोरचा कंटाळून देतो. आपण तेव्हापर्यंत डावात असायला हवं.

त्यासाठी मी पोरांना तीन शब्द दिलेत, शह, मार, धमकी. समोरच्यानं चाल केली की त्या चालीनं शह आहे का, काही मरतं का, पुढच्या चालीला काही मरणार आहे का? मग आपली चाल ठरवायची आणि हात लावायच्या आधी पुन्हा तेच तीन, यावेळी समोरच्याच्या बाजूनं. हात मांडीखाली. मोहऱ्याला बोट लागलं तर तोच चालवावा लागतो, रेटिंग स्पर्धेत 'चुकून लागलं' ही सबब सहसा चालत नाही.

वेळेचा हिशेब तिला कागदावर करून दाखवा. नव्वद मिनिटं, वर चालीला तीस सेकंद. चाळीस चाली धरल्या तर तीस सेकंदांचीच वीस मिनिटं होतात, म्हणजे एकूण एकशे दहा. एका चालीला पावणेतीन मिनिटं आली. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या स्पर्धेत साडेअठराशेच्या खेळाडूशी सत्तावीस चालींत हरली. बाहेर आली तेव्हा रडत होती. मी स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, मागितली आणि विचारलं, "घड्याळात किती उरले होते?" म्हणाली, "एक तास एकोणीस मिनिटं, सर. थो लवकर लवकर चालत होता, मंग मी पण चालली." हिशेब लावला. सत्तावीस चालींचे साडेतेरा मिनिटं मिळालेले, म्हणजे पूर्ण डावात तिनं पंचवीस मिनिटंसुद्धा वापरली नव्हती. ती समोरच्याच्या वेगानं खेळली, आणि तो वेग त्याच्या पंधरा वर्षांच्या सरावाचा होता. तेव्हापासून माझी सगळी पोरं प्रत्येक पाचव्या चालीसमोर घड्याळातली वेळ लिहितात. स्कोअरशीटवर वेळ लिहायला नियमानं हरकत नाही. चाल मात्र आधी पटावर करायची आणि मग लिहायची. जुने शिक्षक आधी लिहून मग चाला म्हणायचे, ते आता चालत नाही, पंच टोकतात.

आता ते पाठ करायला सांगितलेलं वाक्य. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात नागपूरलाच स्पर्धा होती. हॉलमध्ये चार मोठे कूलर, त्यांच्या वाऱ्यानं स्कोअरशीट उडायच्या म्हणून पोरांनी मारलेली प्यादी कागदावर वजन म्हणून ठेवलेली. हिंगणघाटजवळच्या खेड्यातला माझा एक तेरा वर्षांचा मुलगा काळ्या मोहऱ्यांनी एकोणीसशेच्या वरच्या माणसाशी बसला होता. विसाव्या चालीच्या आसपास त्याचं एक प्यादं गेलं. इथे बहुतेक पोरं हातपाय गाळतात. त्यानं वजिराला वजीर दिला नाही, दोनदा विचारलं तरी बाजूला सरकला. प्यादी मात्र मिळेल तिथे बदलत गेला. पुढे वजीर गेले, हत्ती गेले, पण तोवर पटावर फार काही उरलंच नव्हतं. पांढऱ्याकडे राजा एफ ४ वर, पांढऱ्या घरांचा उंट, आणि जी ३ व एच ४ वर दोन प्यादी. आपल्या पोराकडे राजा जी ७ वर आणि घोडा एफ ६ वर, बस्स.

समोरच्याला हा जिंकलेला डाव वाटत होता, आणि होताही बराचसा. त्यानं जी प्यादं एक घर पुढे ढकललं, जी ४. राजाचा आधार होता म्हणून त्याला काळजी वाटली नाही. पोरगं नऊ मिनिटं बसलं. मी दोरीच्या बाहेरून बघत होतो, त्याचा हात मांडीखालीच होता. मग त्यानं घोड्यानं ते प्यादं मारलं. राजानं घोडा घेतला, आणि हॉलमध्ये शेजारच्या पटावरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला, की या पोरानं शेवटचा मोहरा फुकट का दिला.

फुकट नव्हता दिला. आता पांढऱ्याकडे उरला पांढऱ्या घरांचा उंट आणि एच पट्टीचं कडेचं प्यादं. ते प्यादं वजीर व्हायचं घर एच ८, आणि ते घर काळं. पांढऱ्या घरांचा उंट त्या घराला जन्मात हात लावू शकत नाही. काळ्या राजानं तो कोपरा धरला की त्याला तिथून कोणी काढू शकत नाही. समोरचा माणूस आणखी वीस-बावीस चाली खेळला. शेवटी त्याचा राजा जी ६ वर, प्यादं एच ६ वर, आणि उंटानं जी ८ वरच्या राजाला शह दिला. जायला दोन घरं होती. एफ ८ ला गेला असता तर प्यादं मोकळं सुटून वजीर झालं असतं. पोरगं एच ८ ला, कोपऱ्यात गेलं. आता उंट ती तिरपी सोडत नाही तोवर काळ्या राजाला हलायला घर नाही आणि शहही नाही, म्हणजे डाव बरोबरीत, आणि उंट सोडला तर राजा पुन्हा जी ८ ला येतो. माणसानं हात पुढे केला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "घोडा देताना भीती नाही वाटली?" म्हणाला, "भीती कायची सर, आपण व्हरांड्यात केलतं ना हे."

खरंच केलं होतं. आदल्या पावसाळ्यात एक आठवडा आम्ही तेवढीच जागा मांडून बसलो होतो. म्हणून तुम्हाला सांगतो, स्पर्धेला पंधरा दिवस असतील तर सुरुवातींवर वेळ घालवू नका. तिला अशा चार जागा द्या. चुकीच्या रंगाचा उंट आणि कडेचं प्यादं. राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, त्यात समोरासमोर राजे कधी आणायचे ते. एकमेकांच्या उलट रंगांचे उंट, ज्यात एक-दोन प्यादी कमी असूनही डाव धरता येतो. आणि हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती, ज्यात बचावाचा हत्ती आपल्या बाजूकडून तिसऱ्या ओळीवर उभा करून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, आणि प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती पार मागे नेऊन पाठीमागून शह देत राहायचं. आजोबांना पांढरे मोहरे द्या, तिला बचाव द्या. रोज अर्धा तास पुरे.

बरोबरीच्या प्रस्तावाबद्दल. आधी चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं, आणि एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. उलट समोरच्या अठराशेच्या माणसानंच विचारलं तर? लगेच हो म्हणू नये. तो का विचारतोय ते पटावर शोधावं, बहुतेक वेळा त्याला स्वतःची जागा आवडत नसते. तरीही तिच्या बाबतीत एक व्यवहार आहे. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंगवाल्यांशी किमान पाच डाव लागतात, १ मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४०० आहे, आणि पहिल्या स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध एकूण शून्य गुण असतील तर ती स्पर्धा धरतच नाहीत. म्हणजे हा अर्धा गुण तिच्यासाठी सोन्याचा आहे. घड्याळात वेळ कमी असेल किंवा जागा समजत नसेल तर तिनं हात मिळवावा, मला त्यात कमीपणा वाटत नाही. जागा चांगली असेल आणि अर्धा तास हातात असेल तर मी माझ्या पोराला खेळ म्हणतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण पोरं मला देतात, म्हणून तेही लिहितो. २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषकात तिचं मानांकन पंधरावं होतं. वाटेत चीनच्या झू जिनर आणि तान झोंगयी, आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पी, सगळ्या तिच्या वरच्या. हम्पीशी दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत ती जिंकली. तुमच्या पोरीशी तुलना करायला हे सांगत नाही, तो सराव वेगळा आहे. पण ते दोन मोठे डाव तिला दाखवा. वरच्या खेळाडूसमोर दिवसभर बसून डाव न सोडणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं.

प्रवासाचं थोडक्यात. पहाटेच्या एसटीनं निघून सकाळच्या फेरीला बसवू नका, आदल्या संध्याकाळी पोचा. पाण्याची बाटली, शेंगदाणे-गूळ, दोन केळी. डावाआधी भरपेट जेवण नको, झोप येते. डाव सुरू झाल्यावर तुम्ही दोरीला चिकटून उभे राहू नका. ती मान वर करून तुमचा चेहरा बघेल आणि त्यावरून डाव कसा चाललाय ते ठरवेल.

डाव संपला की निकाल काहीही असो, तिला स्कोअरशीट घेऊन त्याच खेळाडूकडे जायला सांगा. "दादा, मी कुठं चुकली, दाखवता का?" एवढंच विचारायचं. माझ्या अनुभवात दहापैकी नऊजण बाहेरच्या टेबलावर पट मांडून बसतात. अठराशेच्या माणसाची ती वीस मिनिटं तुम्हाला दारव्ह्यात पैसे देऊन मिळणार नाहीत. त्यानं सांगितलेली प्रत्येक चाल तिच्या हातानं कागदावर उतरवून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात तो डाव मला पाठवा, मी बघून लिहितो.